मोठ्या अक्षराचा मान

पिंपरी पेंढारला आमच्या वस्तीवर एकाच भावकीत दोन सोपान आहेत. आडनाव एक, वय एकसष्ट, मिशांचं वळणसुद्धा सारखंच. फरक नऊ दिवसांचा. आधी जन्मला तो थोरला सोपान, नऊ दिवसांनी आला तो धाकटा. या नऊ दिवसांच्या जोरावर एक जण साठ वर्षं ताठ चालला आणि दुसरा साठ वर्षं आतल्या आत जळला.

यात्रेत भैरवनाथापुढचा पहिला नारळ थोरल्याचा. पंगतीत पहिलं पान थोरल्याचं. सोयरिकीच्या बैठकीत भिंतीला पाठ टेकायची जागाही थोरल्याचीच. धाकट्याने एकदा शाळेतून दाखला काढून आणला, तर गुरुजींनी दोघांचीही जन्मतारीख एक जून लिहून ठेवलेली. थोरला म्हणाला, कागद गुरुजींचा असतो, आई ज्याची त्याची असते. विषय मिटला, म्हणजे मिटला नाही. एवढं असूनही एकाच्या घरचं लग्न की मयत दुसऱ्याने कधी चुकवलं नाही, हेही मी पाहिलेलं आहे.

आमची नऊ विहिरींची मिळून एक पाइपलाइन आहे. नदीच्या बंधाऱ्यावरून मोटर पाणी उचलते, ते टेकाडावर येतं. तिथं लोखंडी पेटीत नऊ वॉल, म्हणजे झडपा. ज्याची पाळी त्याचा वॉल उघडायचा, म्हणजे पाणी त्याच्या विहिरीत पडतं. हे काम पूर्वी भागू करायचा. दोन वर्षांपूर्वी थोरल्याच्या सुनेने, तेजस्विनीने, पुण्यात शिकलेली विद्या वस्तीवर वापरली आणि लॅपटॉपवर असा प्रोग्राम केला की घरात बसून मोबाइलवर बोट ठेवलं की टेकाडावरचा वॉल फिरावा. वाघराच्या, म्हणजे बिबट्याच्या, भीतीने उसातून जाणं टळलं, म्हणून सगळे खूश. भागूला आम्ही नारळ दिला. त्याने जीप घेतली आणि घाटघरकडच्या फेऱ्या धरल्या.

अडचण आली ती नावांची. प्रत्येक विहिरीला प्रोग्राममध्ये मालकाचं नाव द्यायचं होतं, तेही इंग्रजीत. सून सासऱ्याचं नाव घेत नाही. तेजस्विनी शिकलेली, घोडेगावची, पण तीही ‘आमचे मामा’ याच्यापुढे जात नाही. लिहिण्यावाचून तर गत्यंतर नव्हतं. मग तिने डोक्यावर पदर घ्यावा तसं थोरल्याच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं लिहिलं आणि धाकट्याचं बारीक. बापांची नावं घालायची तर त्यासाठी आणखी एक बैठक लागली असती, आणि आमची बैठक म्हणजे दोन दिवस.

बैठकीत तिने समजावून सांगितलं. आपल्या मराठीत अक्षराला थोरलं-धाकटं नसतं, इंग्रजीत असतं. आपण वाचायला गेलो तर दोन्हीकडे सोपानच वाचू, पण तिने ज्या भाषेत प्रोग्राम केला होता तिला मोठ्या अक्षराचा सोपान आणि बारीक अक्षराचा सोपान ही दोन परकी माणसं वाटतात. एकाला दुसऱ्याची ओळखसुद्धा नाही. त्यामुळे गल्लत होणार नाही.

गल्लत होणार नाही हे कुणी ऐकलंच नाही. मोठं अक्षर आणि बारीक अक्षर एवढंच ऐकलं. जो तो आपलं अक्षर कसलं ते विचारू लागला. मीही बाजूला घेऊन विचारलं, मोठंच होतं. नऊ नावांत आठ मोठी आणि एक बारीक. धाकटा सोपान त्या दिवशी चहा न घेता उठला.

दीड वर्ष त्याने हे पोटात ठेवलं. त्याची मुलगी प्राची कॉम्प्युटरचं शिकते, दुसऱ्या वर्षाला. तेजस्विनी माहेरी गेली की पाइपलाइनच्या समितीच्या खोलीतला लॅपटॉप प्राचीच्या हाती असतो. मागच्या सोमवारी तेजस्विनी घोडेगावला गेलेली होती. त्या दिवशी पाळी थोरल्याची. चारला लाइट गेली आणि पाळी अर्धीच राहिली. राहिलेलं पाणी उद्या घ्यायचं म्हणून वॉल तसाच उघडा ठेवला. संध्याकाळी पाचच्या सुमाराला धाकटा लेकीजवळ येऊन बसला. काय बोलला ते प्राचीने नंतर सांगितलं. रागावला नव्हता. एवढंच म्हणाला, “पोरी, बापाला एक अक्षर मोठं मिळंना व्हय?” प्राचीने जिथं जिथं बारीक होतं तिथं तिथं मोठं केलं आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला. लाइट नव्हती, पाणी नव्हतं, काही बिघडल्यासारखं दिसलं नाही. धाकट्याने स्क्रीनवर आपलं नाव बोट लावून पाहिलं. त्या रात्री तो दोन भाकरी जास्त जेवला, असं साधनाबाई, त्याची बायको, सांगते.

मंगळवारी सकाळी थोरल्याच्या विहिरीवरची मोटर पाणी ओढेना. खाली पाइपाच्या तोंडाशी जो झडपेचा डबा असतो, ज्याला आम्ही फूटवॉल म्हणतो, तो गाळात बसला होता. विहीर सात परस, म्हणजे सात पुरुष उंचीएवढी खोल. खाली पाणी कमरेइतकं. पाण्यात वाकून, हाताने चाचपून फूटवॉल मोकळा करणारा माणूस आमच्यात एकच, आणि तो धाकटा सोपान. त्याला बोलावणं गेलं. नाही म्हणण्याची सवय त्याला नाहीच. शिवाय थोरल्याच्या विहिरीत आपण उतरायचं आणि वर दोर थोरल्याने धरायचा, ही गोष्ट त्याला मनापासून आवडते.

उतरण्याआधी त्याने विचारलं, वॉल बंद केला का. दहाला थ्री फेज येते आणि बंधाऱ्यावरची मोटर ऑटोवर आहे. लाइट आली की ती कुणाला न विचारता सुरू होते. तेजस्विनी साडेआठच्या एसटीने नुकतीच उतरली होती. हातातली पिशवी खाली न ठेवता तिने मोबाइल काढला, यादीत चौथ्या ओळीवर सासऱ्याचं नाव होतं, तिथं ‘बंद’ दाबलं. स्क्रीनवर आलं, बंद. तिने फोन सासऱ्याला दाखवला, सासऱ्याने धाकट्याला. धाकट्याने चष्मा नसताना वाचल्यासारखं केलं आणि दोर कमरेला बांधला.

साडेनऊला तो खाली होता. पावणेदहाला खालून दगड सरकल्याचा आवाज आला.

जुन्या बांधकामातला एक घडीव धोंडा निसटला होता आणि त्याचा डावा पाय धोंडा आणि लोखंडी पाइप यांच्यामध्ये घोट्याच्या वर सापडला होता. पाय अडकला तो असा की उभं राहता येईना. अर्धवट बसलेला, पाणी छातीपर्यंत. थोरल्याने दोर ओढला तसा तो खालून म्हणाला, “वढू नका. पाय हितंच ऱ्हाईल.” दोघं तिघं पहार घेऊन उतरले. धोंडा पाण्याखाली, पहारीला टेकू मिळेना. तरी घाई नव्हती. पाणी थांबलेलं आहे, माणूस बोलतो आहे, वस्तीवरून आणखी पहारी येताहेत. थोरला वरून त्याला चिडवतही होता, की लहानपणीसुद्धा चिंचेच्या ढोलीत तुझाच पाय अडकला होता.

मग दहा वाजले.

आमच्या पाइपलाइनचं तोंड विहिरीच्या आत, काठापासून दोन परस खाली, सिमेंटात बसवलेलं आहे. त्या तोंडातून आधी फुसफुस ऐकू आली. पाइपातली हवा. आम्ही सगळ्यांनी ती आयुष्यभर ऐकलेली आहे. ऐकली की बरं वाटतं. त्या दिवशी सगळे कठड्यावर वाकले. पाइप दोनदा खोकला आणि सहा इंची धार विहिरीत पडू लागली.

तेजस्विनीने बंद दाबलं. स्क्रीनवर बंद आलं. धार चालू. तिने पुन्हा दाबलं. बंद. थोरला ओरडला नाही. नुसतं म्हणाला, “ह्याच्यात बंद हाय मंग ह्ये काय पडतंय?”

एक मोटरसायकल बंधाऱ्याकडे सुटली. अंतर तीन किलोमीटर, वाट बैलगाडीची, पंपघराला कुलूप आणि किल्ली ज्याच्याकडे तो टोमॅटो घेऊन नारायणगावला गेलेला. कुलूप फोडायला घण बरोबर दिला. दुसरी मोटरसायकल टेकाडाकडे. तिथल्या पेटीला आम्हीच भागूला काढल्यावर जाड पत्रा ठोकून घेतला होता, हाताने कुणी वॉल फिरवू नये म्हणून. लाइनमनला फोन लावला, तो पलीकडच्या गावात खांबावर चढलेला होता. विहिरीवरची मोटर लावून पाणी उपसावं तर तिचाच फूटवॉल बंद. दोघांनी पायऱ्यांवरून लोंबकळत पाइपाच्या तोंडात बारदान कोंबलं. पाण्याने ते भेंडीच्या देठासारखं उडवलं, आणि एक जण पडता पडता वाचला.

विहीर तळाला अरुंद आहे. मी काठावरून बांधकामाचे दगड मोजत होतो. मला मोजल्याशिवाय राहवत नाही, आणि त्या दिवशी त्या सवयीचा मला तिटकारा आला. मिनिटाला दोन बोटं पाणी चढत होतं. त्याच्या हनुवटीला वीस बोटं राहिली होती. तेवढ्यात मोटरसायकल पोचून कुलूप फुटणं शक्य नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नाही.

खालचे लोक आता बुडी मारून पहार घालत होते आणि रिकामे वर येत होते. धाकटा काही बोलेनासा झाला होता. तेव्हा थोरल्याने धोतर खोचलं, कुणाला काही न सांगता पायऱ्या उतरला आणि शेवटच्या पायरीवरून पाण्यात गेला. एकसष्ट वर्षांचा माणूस, पोहणं सोडून वीस वर्षं झालेली. त्याने धाकट्याच्या मागे बसून, त्याच्या काखेत हात घालून, त्याला जितकं वर धरता येईल तितकं धरलं.

पहारींसाठी मारलेल्या हाकेने साधनाबाई आणि प्राची पळत आल्या. साधनाबाईने कठड्यावर ओणवं होऊन पाहिलं. वरून दोन डोकी दिसत होती, दोन्ही पांढरी, दोन्ही भिजलेली. धारेच्या आवाजात ‘अवं, अवं’ म्हणून कितीदा हाक मारली तरी खालून कुणी वर बघेना. अवं म्हटल्यावर वर बघायचं कुणी? छत्तीस वर्षांच्या संसारात जे नाव तिने उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं ते तिने तिथं पहिल्यांदा घेतलं.

“सोपान.”

खालून ओ आली. कुणाची ते कळलं नाही. ती तशीच ओणवी राहिली. मग थोरल्याचा आवाज आला, तोंडात पाणी गेल्यासारखा.

“मी हाय. त्योबी हाय अजून.”

त्या ‘अजून’ने मला आतून गार केलं.

तेजस्विनी या सगळ्यात एकाच जागी उभी होती. चौथी ओळ दाबत होती, दाबत होती, आणि बहुतेक डोळ्यांत पाणी आल्यामुळे फोन जवळ धरून बघत होती. मी तिच्या शेजारीच होतो. ती चौथ्या ओळीवर बोट ठेवायची आणि खाली सातवी ओळ डोळा मिचकावल्यासारखी हलायची. तिच्याही ते लक्षात आलं. तिने सातव्या ओळीतलं नाव वाचलं. मग मान वर करून प्राचीकडे पाहिलं.

“प्राची, अक्षर मोठं केलंस?”

प्राचीने होकाराची मान हलवली. वहिनी, आमच्या आबांनी सांगितलं म्हणून, एवढंच कसंबसं आलं.

पुढचं मला नंतर उमगलं, पण इथं सांगून टाकतो. अक्षर एक झाल्याबरोबर प्रोग्रामच्या लेखी दोन सोपान राहिलेच नाहीत. एकच उरला, आणि यादीत ज्याची विहीर नंतर लिहिलेली, म्हणजे धाकट्याची, तीच त्या नावाला चिकटली. चौथी ओळ दाबा की सातवी, हुकूम धाकट्याच्या वॉलला जायचा. तो तर बंदच होता, म्हणून स्क्रीन खरंच बोलत होती. थोरल्याचा वॉल सोमवारपासून उघडा होता, आणि तो बंद करू शकेल असं नावच आता जगात शिल्लक नव्हतं. प्रोग्राम पुन्हा नीट करायचा तर लॅपटॉप समितीच्या खोलीत, पलीकडच्या टोकाला.

हनुवटीला सहा बोटं राहिली होती.

तेजस्विनीने डोळे पुसले आणि ‘चालू’वर बोट नेलं. मी तिचं मनगट धरलं. होय, मीच. मला वाटलं पोरीचं डोकं फिरलं. आधीच पाणी बुडवतंय आणि ही चालू करते. आणखी दोघं धावले. तिने मला ढकललं नाही, झटकलं नाही. माझ्याकडे बघून हळू बोलली, आणि त्या हळू बोलण्यानेच माझा हात सुटला.

“आण्णा, हात सोडा. ह्या बटणाला आता फक्त धाकट्या मामांची विहीर कळती. ती खाली हाय. पाणी तिकडं उतरंल.”

तिने चालू दाबलं.

धाकट्याची विहीर ओढ्याकाठी, आमच्या शिवारातली सगळ्यात सखल. टेकाडावरून दोन वाटा मोकळ्या मिळाल्या तर पाणी कुणाचं ऐकणार? ते उताराचं ऐकतं. पण पाइप लांब, आणि काही क्षण काहीच झालं नाही. धार तशीच. कुणीतरी मागून तेजस्विनीला शिवी दिली. साधनाबाईचे ओठ हलत होते, नाव तेच, आता आवाज नव्हता. खाली थोरल्याने धाकट्याचं डोकं मागे करून तोंड आभाळाकडे केलं होतं, पाणी कानांवरून फिरत होतं.

मग धारेचा आवाज बदलला. आधी जाड होता, तो पातळ झाला. भिंतीपासून लांब पडणारं पाणी भिंतीजवळ पडू लागलं, मग भिंतीवरूनच ओघळू लागलं, करंगळीएवढं. ओढ्याकाठून कुणाची तरी हाक आली की इकडं विहिरीत पाणी पडतंय, कुणाची पाळी आहे.

त्यानंतर सात-आठ मिनिटांनी बंधाऱ्यावरचं कुलूप फुटलं आणि मोटर थांबली. धोंडा हलवायला आणखी पाऊण तास लागला. तेवढा वेळ थोरला धाकट्याला धरून त्या पाण्यात बसून होता. वरून त्याला बाहेर यायला सांगत होते, दुसरा कुणीतरी धरेल म्हणत होते. तो ऐकत नव्हता. दोघं काय बोलत होते ते पहार धरणाऱ्यांनी ऐकलं. धाकटा मधूनमधून म्हणायचा, हात दुखत असंल तुजा, आणि थोरला म्हणायचा, गप.

बाजेवर घालून वर काढला तेव्हा डाव्या पायाकडे पाहवत नव्हतं. जीप भागूची आली. बातमी कळताच फेरी सोडून, प्रवासी रस्त्यावर उतरवून आला होता. ज्याला काढलं त्याच्याच गाडीत आम्ही चढलो.

जीपमध्ये थोरला धाकट्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. अंगावरून पाणी निथळत होतं. तेजस्विनी दाराशी उभी होती. तिला तो म्हणाला, “सूनबाई, माजं बारीक कर. ह्याचं मोठं ऱ्हाऊ दे.”

धाकट्याने डोळे उघडले. ओठ निळे पडले होते, तरी हुज्जत शाबूत होती. “नगं. त्यो नऊ दिसांनी थोरला हाय. आईला इचारा.” दोघांच्याही आया जाऊन पंधरा-वीस वर्षं झाली.

पाय वाचला नाही. घोट्याच्या वरून काढावा लागला. प्राची पंधरा दिवस कॉलेजला गेली नाही, घरातही एका कोपऱ्यात बसायची. तेजस्विनी रोज लॅपटॉप घेऊन तिच्याकडे जायची आणि तिच्याकडूनच सगळी नावं बदलून घ्यायची. समजूत घातली की नाही मला माहीत नाही. दोघींच्या बोलण्यात मला तरी तसं काही ऐकू आलं नाही. आता प्रोग्राममध्ये माणसाचं नाव नाही. चिंचेची विहीर, ओढ्याची विहीर, बांधाची विहीर, अशी नावं. दर नावात कुठलं अक्षर मोठं आणि कुठलं बारीक हे त्या दोघींनाच माहीत, आणि बैठकीत कुणी विचारलंही नाही. मीसुद्धा नाही.

यात्रेला धाकटा कुबड्यांवर आला. नारळाची वेळ झाली तेव्हा सगळे थोरल्याकडे बघत होते. त्याने नारळ घेतला, धाकट्याच्या हातात दिला आणि त्याची एक कुबडी स्वतः धरून उभा राहिला, कारण एक हात मोकळा असल्याशिवाय नारळ फुटत नाही. धाकट्याने फोडला. वाकडा फुटला, पाणी सगळं अंगावर.

साधनाबाई बायकांत उभी होती. कुणीतरी तिला चेष्टेने म्हणालं, घ्या आता एकदा नाव. तिने पदर पुढे ओढला आणि विहिरीत बघावं तसं खाली बघत राहिली.